मागच्या खोलीतली खुर्ची

॥ श्री ॥

अल मवालेह, मस्कत
११ ऑक्टोबर २०१५

चि. ज्ञानदा,

आशीर्वाद आहेतच, तू घे किंवा घेऊ नकोस. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअॅपवर तुझा फोटो दिसेनासा झाला, तेव्हा बाबा म्हणाले, "ब्लॉक केलंय तिने तुला. उगाच टाइप करत बसू नको." म्हणून कागद घेतला. चिपळूणला कल्पनामावशीकडे आहेस हे तिनेच सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. तिथे कुणा म्हाताऱ्या दातांच्या डॉक्टरांकडे लागलीस, हेही कळलं. बरं झालं.

परवा घट बसतील. इथल्या रेताड मातीत धान्य कसं उगवतं याचं मला दर वर्षी नवल वाटतं, पण उगवतं.

तू गेलीस त्या दिवशी दारात एक वाक्य बोललीस. "आई, तू मागितलेल्या खोलीत मी बसते." एवढंच बोलून बॅग ओढत लिफ्टकडे गेलीस. त्याचा अर्थ मला तेव्हा नीट लागला नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, कामाचा ताण असेल.

खोली मी मागितली नव्हती. काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण सगळे हसले होते आणि मला बरं वाटलं होतं. गेल्या वर्षी गणपतीला तुमचे साहेब जेवायला आले होते. बाबा त्यांच्या दातांच्या क्लिनिकमध्ये अकाउंट्सला कित्येक वर्षं, आणि तू तिथे नुकतीच डॉक्टर म्हणून लागलेली. घरात कोण आनंद. मोदक वाढता वाढता मी म्हटलं, "साहेब, तुमच्या कुरुमच्या क्लिनिकची एकच गोष्ट मला रुचत नाही. माझ्या आधी कुणी काळा मजूर तिथे चूळ भरून गेलेला असतो. त्याच खुर्चीत बसून त्याच भांड्यात मी कशी थुंकू?"

"वहिनी, आम्ही सगळं उकळून घेतो."

"उकळलं तरी उष्टं ते उष्टंच. मजुरांना, कामवाल्या बायकांना वेगळी खुर्ची ठेवा. आमच्यासारखे लोक जास्त येतील बघा."

भजनी मंडळाच्या सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. साहेबांनी मोदक फोडून तुपात बुडवला आणि म्हणाले, "डोकं आहे हं वहिनींना." तू तुपाची वाटी घेऊन उभी होतीस.

पुढे त्यांनी मागची स्टोअरची खोली रिकामी केली, तिला गल्लीतून दार काढलं, जुनी खुर्ची टाकली. याला मी काय करणार? आणि तिथे तुला बसवलं, हे तू घरी कधी सांगितलं नाहीस. बाबांनीही नाही. आता कल्पनाकडून कळलं. मी स्वच्छतेचं बोलले होते. कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं.

मंडळात विचारतात तेव्हा मी सांगते, ज्ञानदा पुढच्या शिक्षणासाठी गेली. लोकांना तेवढं पुरतं.

माझी खालची उजवी दाढ ठणकते आहे. लवंगेचं तेल लावते. दवाखान्यात जायची इच्छा होत नाही. तेल किती दिवस चालेल, तेवढं तरी कळव.

तुझी,
आई


॥ श्री ॥

२ नोव्हेंबर २०१५

चि. ज्ञानदा,

दाढेचं काम झालं. म्हणजे सुरू झालं. तुझ्याबरोबरच्या डॉक्टर आशुतोषने बघितलं. तुझी फार आठवण काढत होता. "काकू, अजून थोडे दिवस काढले असतेत तर दाढ गेलीच होती," म्हणाला. मुळं साफ करून वर तात्पुरतं भरलंय. अजून जायचं आहे. स्टाफच्या घरच्यांना सवलत असते म्हणून बाबांच्या खिशाला चाट नाही.

गर्दी होती. आधी एकीकडे बसवलं, मग दुसरीकडे. ते जाऊ दे.

तिथे मैना नावाची बाई भेटली. करीमनगरकडची आहे, इथल्या एका शाळेत बालवर्गाची आया. ती तुझी चौकशी करत होती. म्हणजे तिने तुझं नाव घेतलं नाही, तिला ते ठाऊक नाही. "वो काली डॉक्टर" म्हणाली. चांगलं बोलली तुझ्याबद्दल.

चकल्या केल्या. एका बाजूने चावते. कल्पनाकडे पार्सल पाठवायचं मनात होतं, पण तू खाशील की नाही कळेना, म्हणून थोड्याच केल्या.

हल्ली पोथी वाचताना ओळ संपते आणि काय वाचलं ते आठवत नाही. पुन्हा वरून सुरू करते. देवाची माफी मागावी म्हणते, तर कशाची, हे मनातल्या मनातही म्हणवत नाही.

आई


॥ श्री ॥

१९ नोव्हेंबर २०१५

ज्ञानदा,

"आधी एकीकडे, मग दुसरीकडे" हे मी लबाडीने लिहिलं होतं. काल इथला राष्ट्रीय दिवस झाला. आज बाबांना सुट्टी आहे, जेवून पडलेत. ते उठायच्या आत खरं लिहिते.

त्या दिवशी बाबा सोहारच्या शाखेत गेले होते. मी बाजारात भाजी घेत होते आणि कळ अशी आली की डोळ्यांपुढे काळोख. तशीच टॅक्सीने कुरुमला गेले. अंगावर जुना सुती पंजाबी ड्रेस, पायात रबरी चपला, हातात कांद्यांची पिशवी. तोंड उन्हाने रापलेलं, गाल सुजलेला. रिसेप्शनवर नवी मुलगी होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"किस कंपनी से?"

मला वाटलं विम्याचं विचारते. म्हटलं, "कंपनी नहीं, घर से."

"घर में काम करती? मॅडम की चिठ्ठी लाई?" आणि उत्तराला न थांबता बोट दाखवलं. "पीछे जाओ. गली में दरवाजा है."

मी गेले. का गेले, विचारशील. भांडले असते तर पुढच्या सोफ्यांवरच्या सगळ्यांना कळलं असतं की मला कुणी मोलकरीण समजलं. ती शोभा नको म्हणून पिशवी उचलून गल्लीत गेले. वाटलं, आतल्या नर्सला हळूच सांगू.

तुझी खोली मी तोवर पाहिलीच नव्हती. बाहेर बाकडं. त्याच्यावर वरच्या एसीचं पाणी ठिबकतंय. थुंकायला सगळ्यांत मिळून एक बादली. निळ्या कपड्यांतला एक बंगाली माणूस माझ्यासारखाच उजवा गाल धरून बसला होता. एक आफ्रिकन मास्तर होता, कडक इस्त्रीचा शर्ट, टाय, मांडीवर मुलांच्या वह्या. तो नर्सला इंग्रजीत परत परत सांगत होता की माझी अपॉइंटमेंट पुढची आहे, मी हायस्कूलला गणित शिकवतो. नर्स "यस सर, वेट सर" म्हणून आत जायची.

मैना तिथेच बसली होती. ती म्हणाली, "मास्टरजी, यहाँ गणित नक्को. यहाँ रंग देखते." त्याला हिंदी कळलं नाही, पण तो हसला.

ती सरकली आणि मला जागा दिली. माझा गाल बघून पाण्याची बाटली पुढे केली. मी म्हटलं, "उपास है." उपास नव्हता. तिला कळलं असावं, कारण तिने बाटली पुसली, झाकण लावलं आणि दुसरीकडे बघत बसली.

मग तिनेच बोलायला सुरुवात केली. "पहले यहाँ एक काली डॉक्टर थी. आपके जैसीच, थोडी दुबली. वो झट से नहीं निकालती थी. बोलती, ठहरो, दवा लेके आओ, बचता क्या देखेंगे. साहब से लड़के एक बार कुछ औजार भी लाई. साहब वापस ले गए."

"फिर?"

"भाग गई बोलते. अच्छे लोगाँ टिकते कहाँ. आप जानते क्या उसको? शकल मिलती है."

मी "नहीं" म्हटलं.

ज्ञानदा, मी नाही म्हटलं. माझी मुलगी आहे, हे मला त्या बाकड्यावर सांगता आलं नाही. सांगितलं असतं तर मग तू इथे, मागे, का बसायचीस, हे तिने विचारलं असतं.

निळ्या कपड्यांतला माणूस आत गेला आणि चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात कापूस चावत बाहेर आला. मग मला बोलावलं. तुझ्या जागी आलेल्या डॉक्टरने माझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. "कौन सा?" म्हणून सुई भरायला लागला. मी विचारलं, दाढेचा फोटो नाही काढणार? "फोटो आगे निकालते. यहाँ सिर्फ दाँत निकालते."

मग मात्र मी खुर्चीतून उठले आणि ओरडले. "मैं गुरुदत्तसाब की मिसेस हूँ. मैं इनमें से नहीं हूँ." दार उघडंच होतं. बाकड्यावर सगळ्यांनी ऐकलं.

त्यानंतर काय विचारतेस. नर्स पळाली, रिसेप्शनवाली सॉरी म्हणत आली, आशुतोष स्वतः मला न्यायला आला. थंड टॉवेल, ज्यूस, मऊ खुर्ची. फोटो काढला. "काकू, वाचते ही," म्हणाला. त्या बंगाल्याची दाढ आणि माझी दाढ, बाजू तीच, दुखणंही तेच. त्याची गेली आणि माझी राहिली.

निघताना कांद्यांची पिशवी घ्यायला गल्लीत गेले, तेव्हा मैना म्हणाली, "अरे, मॅडम थीं आप? तो हमारे साथ काहे को धूप खाई?" हसत म्हणाली, पण ओठांवर हात ठेवून. का ते आता सांगते, कारण हे पत्र त्यासाठीच आहे.

शाळेत एका मुलाचं डोकं तिच्या समोरच्या वरच्या दातावर आपटलं. दात हलत नाही, पण काळपट पडलाय, आणि वर हिरडीवर पुटकुळी येते, फुटते, पुन्हा येते. मागच्या खोलीत तिला सांगितलंय, डिसेंबरात काढायचा. शाळेच्या बाई तिला म्हणाल्यात, समोरचा दात नसलेली आया बालवर्गात नको, पोरं घाबरतात, मग तू संडास-बाथरूमच्या कामाला जा. तिची दोन्ही मुलं गावी आजीकडे वाढतात. ती म्हणते, इथली पोरं मांडीवर झोपतात म्हणून दिवस निघतो. दुसरीकडे दाखवावं तर तिला शाळेत कामाला लावणाऱ्या कंपनीची चिठ्ठी आपल्याच क्लिनिकला चालते, आणि सुट्टीही तेवढ्याच तासाची.

तो दात वाचेल का? मला लिहू नकोस हवं तर. मावशीला सांग.

आणि एक. तू लहान असताना दर रविवारी मी तुला साय आणि डाळीचं पीठ चोळायचे. सासूबाईंनी मला चोळायला लावलं होतं तसंच. तू विचारायचीस, "हे धुतल्यावर मी कुणासारखी दिसेन?" मी म्हणायचे, बाबांसारखी. रिसेप्शनवरच्या त्या मुलीने मला गल्लीकडे बोट दाखवलं तेव्हा मला ते आठवलं.

आई


॥ श्री ॥

३ डिसेंबर २०१५

ज्ञानदा,

कल्पनाचा फोन आला. जेवताना तू तिला म्हणालीस म्हणे, "त्या बाईला सांग, समोरच्या दाताला एकच मूळ असतं. सोपं काम आहे, वाचतो. मागे सामान देत नाहीत म्हणून काढतात." त्या बाईला म्हणजे मैनाला की मला, हे मी कल्पनाला विचारलं नाही.

तुझा निरोप मिळाल्यावर मी साहेबांना भेटले. बाबांना न सांगता. त्यांनी चहा मागवला.

"साहेब, ती मागची खोली बंद करा. मी बोलले ते चुकले."

"वहिनी, खोली काय आता तुमच्या बोलण्यावर चालते होय? कंपन्यांची कंत्राटं आहेत. माणूस लवकर कामावर परत पाठवा, एवढंच त्यांचं म्हणणं. काढला की खलास."

"मग त्या मैनाला तरी पुढे घ्या. पैसे मी भरते."

"पैशाचा प्रश्न नाही हो. पुढे युरोपियन येतात, एअरलाइनवाले येतात. शेजारी अशी बाई बसली तर ते तोंडाने काही म्हणणार नाहीत. पुढच्या वेळी येणार नाहीत फक्त. म्हणून तर ज्ञानदालाही मागे ठेवावं लागलं. हुशार पोरगी, पण पुढे जरा उठावदार डॉक्टर लागतात." मग कप माझ्याकडे सरकवत म्हणाले, "आणि हे तर तुम्हीच सांगितलं होतंत, मोदक वाढताना. मी तर तुमचे आभार मानायला हवेत."

चहा मी प्यायले. कसा प्यायले कोण जाणे. माझ्या मुलीबद्दल ते माझ्यासमोर असं बोलले आणि मी कप विसळायला उठावं तशी उठून "येते" म्हणाले.

जवळच्या दुसऱ्या दवाखान्यात फोन केला. तिथल्या मुलीने आधी विचारलं, "हाउसमेड है क्या?" मी फोन ठेवला.

माझी पुढची वेळ मंगळवारची होती, आणि मैनाचा दात काढायची वेळ त्याच दुपारची. मी तिला शाळेबाहेर गाठलं आणि घरी घेऊन आले. आधी सांगितलं की ती काळी डॉक्टर माझी मुलगी. तिने माझा चेहरा पुन्हा निरखला. मग म्हणाली, "उस दिन बोल देते तो मैं आपको दूसरी तरफ सरकाती, एसी के पानी से बचाती. डॉक्टर की अम्मा है बोलके."

आता साडीचं सांगते. माझ्या वेळेत तिला पुढच्या दाराने न्यायचं, तर साडी माझी हवी. कपाट उघडलं. हात नारायणपेठीवर गेला आणि मी तो मागे घेतला. खालची फुलाफुलांची सिंथेटिक दिली, जी भांडीवालीला द्यायला बाजूला काढली होती. मैनाने ती उलगडली, माझ्या तोंडाकडे पाहिलं, घडी घातली आणि परत दिली.

"मॅडम, ये पहन के तो वो लोगाँ मेरे को और पीछे भेजेंगे."

मग नारायणपेठी दिली. अंगाला नेसवतानाही माझी बोटं तिला लागू नयेत अशी निऱ्या धरत होते. हे लिहायला नको होतं, पण तुला सगळं लिहायचं ठरवलंय. पर्स दिली, माझा जुना चष्मा दिला. म्हटलं, "चलते वक्त किसी की तरफ देखना नहीं."

"देखना नहीं? फिर मॅडम लोगों को रस्ता कैसे दिखता?"

क्लिनिकमध्ये तीच मुलगी. उभी राहिली. "आइए मॅडम. ये आपके साथ हैं?" मी म्हटलं, बहन है, इंडिया से आई है. दोघींना ज्यूस आला. हिनेच मैनाला दर वेळी गल्लीकडे बोट दाखवलेलं. ओळखलं नाही. शेजारी एक गोरी बाई बसली होती. तिने साडीचा काठ बघून विचारलं, हे हाताने विणतात का. कुणी उठून गेलं नाही, ज्ञानदा. मी सारखी बघत होते.

आत आशुतोषने मैनाला "आ करा" म्हटलं आणि थांबला.

"काकू, तुमची दाढ खाली होती. हा वरचा दात आहे. आणि तुम्हीही नाही."

"हो."

"हिला मी मागे पाहिलंय."

"ज्ञानदा म्हणते, एकच मूळ असतं. सोपं काम आहे."

त्याने हातमोजे काढले, पुन्हा घातले. "ज्ञानदा म्हणते?" मग नर्सला म्हणाला, "यल्ला, चल, एक्स-रे." मला म्हणाला, "हा तास तुमचा आहे. पण कार्डावर मी हिचंच नाव लिहिणार. औषधाचं काही उलटसुलट झालं तर तुमच्या नावावर कुणाचं तोंड शोधू? साहेबांना दिसेल ते."

"दिसू दे," मी म्हटलं.

एका बैठकीत झालं. सुई टोचताना मैनाने चाचपडत हात पुढे केला, तो मी धरला. धरला म्हणजे तिने धरला, मी सोडवला नाही.

आई


॥ श्री ॥

१५ डिसेंबर २०१५

ज्ञानदा,

कार्ड साहेबांना दिसलं. आशुतोषला कामावरून काढल्याचं पत्र मिळालं. तो म्हणतो, मला तसंही जायचंच होतं. खरं-खोटं देव जाणे. बाबांची जानेवारीपासून सोहारला बदली. ते माझ्यावर ओरडले नाहीत. जेवताना एवढंच म्हणाले, "ती खोली रंगवून घेतली त्या बिलावर सही माझी होती. आणि ज्ञानदाला मागे ठेवायचं ठरलं तेव्हा मी समोर बसलो होतो." मग ताट तसंच ठेवून उठले. माझ्याशी लग्न झाल्यापासून त्यांनी ताटात कधी टाकलं नव्हतं.

शनिवारच्या भजनाला मी मंडळात सांगितलं की ज्ञानदा शिकायला गेली नाही. मी वेगळी खुर्ची मागितली, तिथे माझ्याच मुलीला रंगावरून बसवलं, तिने लोकांचे वाचणारे दात उपटायला नकार दिला आणि ती गेली. पेटीवाल्या बाईंचा हात सुरांवरच राहिला. थोड्या वेळाने कुणी विचारलं, प्रसाद आत्ता वाटायचा की आरतीनंतर. मी म्हटलं, आरतीनंतर. प्रसाद घेताना दोघीतिघी माझ्याकडे न बघता गेल्या. गेल्या वर्षी माना डोलावणाऱ्या त्याच.

स्टाफची सवलत बंद झाली म्हणून माझी राहिलेली बैठक रद्द झाली. भाकरी खाताना तात्पुरतं भरलेलं निघालं आणि दाढेचा तुकडा पडला. काल गेले. चांगली साडी नेसून, पैसे घेऊन. ती रिसेप्शनवाली मुलगी रडवेली झाली. "मॅडम, सर ने बोला है, आपको उन लोगों की इतनी फिकर है तो आपको पीछे ही बिठाना."

दुसऱ्या कुठे जाता आलं असतं. वाचली असती की नाही, माहीत नाही. तू सांगू शकशील. मी गल्लीत गेले. पुण्य जोडायला गेले असं मानू नकोस. त्या बाकड्यावर मी ओरडून जे सांगितलं होतं, ते ऐकलेलं कुणी तिथे भेटेल, आणि त्याने मला तिथे बसलेली बघावी, असं वाटत होतं. कुणी भेटलं नाही. सगळी नवीन माणसं होती. एका पोरसवदा मुलीने, इथिओपियाची असावी, काही न बोलता जागा करून दिली.

डॉक्टरने मला ओळखलं. सुई भरून त्याने दाराकडे पाहिलं. हळूच म्हणाला, "मॅडम, मेरे पास सामान होता तो मैं भी बचाता. मैंने भी वही पढ़ाई की है." मी त्याला म्हटलं, माहीत आहे, माझी मुलगीही इथेच बसायची.

काढून झाल्यावर त्याने दाढ बशीत टाकली. बशीत सकाळपासूनच्या सगळ्यांच्या होत्या. माझी कोणती, मला ओळखता आली नाही.

मैना बालवर्गात आहे. दात थोडा काळपट राहिला, पण आहे. शाळेच्या बाईंनी तोंड उघडायला लावून खात्री केली म्हणे. खोली मात्र चालू आहे. आज, मी हे लिहितेय तेव्हाही, तिथे कुणी तरी बसलेलं असेल. ती मी बंद करू शकले नाही, आणि पुढे करू शकेन असंही मला दिसत नाही. माझ्या एका वाक्याने उघडली, पण माझ्या सांगण्याने मिटत नाही.

परत ये असं मी लिहिणार नाही. माझं तोंडही नाही तसं लिहायला. तू तिथे त्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे कुणाकुणाच्या दातांपाशी थांबत असशील, "बचता क्या देखेंगे" म्हणत असशील, तेवढं मनात धरून आहे.

खालच्यांची सावनी उद्या सकाळच्या विमानाने निघते, ती हे पत्र परवा तुझ्या हातात देईल. मला टाके घातलेत. जबडा नीट उघडत नाही आणि डॉक्टरने बोलायला बंदी केली आहे. तू फोन केलास तर मला मध्ये काही बोलता येणार नाही. आपली बाजूही मांडता येणार नाही. तेव्हा तुला जे काही त्या दारात बोलायचं राहून गेलं असेल, ते सगळं बोलून घे.

मी ऐकते आहे.

आई